जनरल चौधरींची सही आणि आजोबांची सनद

उदगीरकडच्या एका पोराने विचारलंय. एनडीएचा एक अटेम्प्ट गेलाय, दुसऱ्याची तयारी चालूय. म्हणतो, काका, जनरल चौधरी हैदराबादचे मिलिटरी गव्हर्नर होते असं दर १७ सप्टेंबरला भाषणात ऐकतो, तर हे गव्हर्नरपद फौजेतल्या करिअरमध्ये येतं कुठं, बढती असते का, त्यांनी तिथं बसून केलं काय, आणि आता मी फौजेत गेलो तर मला कधी असं पद मिळंल का. आणि शेवटी हळूच एक शेपूट जोडलंय की आमच्या घरात पणजोबांच्या नावाची निजामाची जागिरीची सनद आहे, आजोबांनी जपून ठेवलेली, तिचा काय उपयोग होईल का.

आधी माझं सांगतो. मी फौजेत नव्हतो. महसूल खात्यात चौतीस वर्षं काढली, कारकून म्हणून चिकटलो आणि उपजिल्हाधिकारी म्हणून बाहेर पडलो, त्यातली निम्मी वर्षं मराठवाड्यातल्या वेगवेगळ्या रेकॉर्ड रूमच्या धुळीत. पण ज्या चौधरींबद्दल विचारतोस त्यांच्या सहीने निघालेल्या कागदांचं निस्तरणं आमच्या वाट्याला आलं, त्यामुळं रणगाड्यावरचे चौधरी नाही तरी टेबलावरचे चौधरी मला बऱ्यापैकी माहीत आहेत. आणि तुझा प्रश्न टेबलाचाच आहे.

तर पहिली गोष्ट, मिलिटरी गव्हर्नर ही फौजेच्या शिडीवरची पायरी नाही. कॅप्टन, मेजर, कर्नल, ब्रिगेडियर, मेजर जनरल अशी चढण असते त्यात हे कुठंच बसत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर हे डेप्युटेशन. मूळ खातं तेच, हुद्दा तोच, फक्त काही दिवस दुसऱ्याच्या खुर्चीत बसायचं आणि खुर्ची मोकळी करून परत यायचं.

जयंतनाथ चौधरी, जन्म १० जून १९०८, बंगाली माणूस. मिशा होत्या म्हणून मित्र मुच्छू म्हणायचे. इंग्लंडात सँडहर्स्टला शिकून १९२८ ला कमिशन मिळालं, मग सातवी लाइट कॅव्हलरी. दुसऱ्या महायुद्धात पाचव्या इंडियन डिव्हिजनबरोबर सुदान, इरिट्रिया, मग आफ्रिकेचं वाळवंट, पुढं बर्मामध्ये सोळाव्या लाइट कॅव्हलरीची कमान. इथपर्यंत कुठल्याही चांगल्या घोडदळवाल्याचं करिअर असंच दिसेल. पण १९४६ ला ते ब्रिगेडियर झाले आणि मलायात ॲडमिनिस्ट्रेशनची जबाबदारी मिळाली. लोक हे वाक्य वाचून पुढं जातात, मी तिथं थांबतो. युद्ध संपल्यावर परक्या मुलखात आपल्या सैन्याचं रेशन, राहणं, वाहनं, माणसांची पाठवणी, कैदी, हिशोब हे सगळं बघणं म्हणजे बंदूक खाली ठेवून फायलींशी कुस्ती. मग लंडनला इम्पीरियल डिफेन्स कॉलेज, परत आल्यावर दिल्लीत आर्मी हेडक्वार्टरला मिलिटरी ऑपरेशन्सचे डायरेक्टर, आणि मे १९४८ ला पहिल्या आर्मर्ड डिव्हिजनची कमान. वय चाळिशीच्या उंबऱ्यावर. आणि तीच डिव्हिजन सोलापूरच्या बाजूने हैदराबाद संस्थानात घुसणार होती, म्हणजे डाव त्यांच्याच हातात आला.

पोलीस ॲक्शनची, म्हणजे १९४८ ला भारतीय फौजेने हैदराबाद संस्थान ताब्यात घेतलं त्याची, गोष्ट तुला पाठ असंल, त्यात मी वेळ घालवत नाही. १३ सप्टेंबरला पहाटे सोलापूरकडून आत, नळदुर्ग पहिल्याच दिवशी पडलं, मग होमनाबाद, जहीराबाद. दुसरा मोठा रेटा बेजवाड्याकडून, म्हणजे आताच्या विजयवाड्याकडून, आपल्या औरंगाबाद-जालन्याकडं वेगळी तुकडी. सगळ्यांच्या वर सदर्न कमांडचे लेफ्टनंट जनरल राजेंद्रसिंहजी. १७ ला संध्याकाळी निजामाने हत्यार टाकायचं जाहीर केलं, १८ ला निजामाच्या फौजेचे मेजर जनरल अल इद्रूस चौधरींपुढं रीतसर शरण आले. पाच दिवसांचा मामला. भाषणं इथं संपतात, झेंडा चढतो, पोरं लाडू घेऊन घरी जातात.

आता १९ सप्टेंबरची सकाळ डोळ्यासमोर आण. संस्थान म्हणजे मराठवाडा, तेलंगण, कर्नाटकातले तीन जिल्हे, मिळून सोळा जिल्हे. प्रधानमंत्री मीर लायक अली नजरकैदेत, आपल्या लातूरचा वकील कासिम रझवी गजाआड, त्याचे रझाकार कुठं पळताहेत तर कुठं लपताहेत. आमच्याकडं कलेक्टरला तेव्हा अव्वल तालुकदार म्हणायचे, त्याच्यावर सुभेदार, तर यातले कितीतरी जण भांबावलेले किंवा कचेरी सोडून गेलेले. कामकाज उर्दूत. चलन हाली सिक्का, भारताच्या सहा कलदार रुपयांना सात हाली. पोस्टाचं तिकीट वेगळं, कॅलेंडर वेगळं. आणि या सगळ्याचा मालक एक घोडदळवाला, ज्याला काल रात्रीपर्यंत पेट्रोल कुठवर पुरेल याची चिंता होती.

बरं, मालक म्हणायचं तर कुठल्या हक्काने? हा प्रश्न तू एनडीएच्या मुलाखतीत विचारलास तर बोर्ड खुर्चीत सरळ बसेल. चौधरींच्या हातात दोन दोऱ्या होत्या. एक भारत सरकारची, म्हणजे फौजेच्या हुकमाने मिळालेली. दुसरी निजामाची, कारण भारत सरकारने निजामाला हटवलंच नाही, तो गादीवर तसाच राहिला, आणि १९ सप्टेंबरला त्याने फर्मान काढलं की राज्यकारभाराचे सगळे अधिकार मिलिटरी गव्हर्नरला दिलेत. म्हणजे ज्याला हरवलं त्याच्याच सहीने कारभार. वरवर गंमत वाटते पण वकिली डोक्याने बघ, निजाम हा सार्वभौम राजा, त्याचा शब्द म्हणजे कायदा, आणि त्याने शब्द दिला की ह्या माणसाचं म्हणणं ते माझं म्हणणं, की झालं, जुना सगळा कायदा जिवंत राहतो आणि नवा माणूस तो बदलू शकतो. कुणाला कोर्टात जायला फट राहत नाही.

फट राहिलीच होती खरं तर. पहिल्या फर्मानात कारभाराचे अधिकार म्हटलं होतं, कायदे करण्याचे अधिकार असं स्पष्ट नव्हतं. हे कुण्या हुशार सरकारी वकिलाच्या लक्षात आलं असणार, कारण ७ ऑगस्ट १९४९ ला निजामाकडून दुसरं फर्मान निघालं की दिलेल्या अधिकारात कायदे करणं येतं आणि ते आधीपासूनच येत होतं. आणि आठवडाभरात, १५ ऑगस्ट १९४९ ला, जागिरी, म्हणजे निजामाने लोकांना दिलेले गावांच्या वसुलीचे हक्क, रद्द. हैदराबाद जागीर निर्मूलन रेग्युलेशन, नंबर ६९, सन १३५८ फसली. तारखा शेजारी ठेवून वाच म्हणजे कळतं की घाई कुणाला आणि कशाची होती. पुढं जागिरदार मंडळी सुप्रीम कोर्टापर्यंत गेली की मिलिटरी गव्हर्नरला हा अधिकारच नव्हता, १९६० ला कोर्टाने सांगितलं होता, फर्मान पुरेसं आहे. एका कागदाने वाचवलं.

फसलीवरून माझीच फजिती सांगतो. नोकरीला दोनतीन वर्षं झाली असतील, एका जमिनीच्या प्रकरणात टिपणी लिहायची होती, समोर हेच १३५८ साल. मी शहाणा, कुठंतरी हिजरीचा तक्ता बघितला आणि लिहून दिलं १९३९. आमच्या रेकॉर्ड रूमला एक म्हातारे चाचा होते, उर्दू वाचणारे शेवटचे, त्यांनी टिपणी वाचली, चष्मा वर केला आणि म्हणाले, क्या साब, निजामकू दस साल पैलेच बेदखल करे क्या. तेव्हा डोक्यात बसलं की निजामाच्या फर्मानावर तारीख हिजरी, रेग्युलेशनवर फसली, आणि दिल्लीच्या पत्रावर इंग्रजी. फसलीत साधारण ५९० मिळव, इसवी सन येतं. तेवढं लक्षात ठेव, तुला शेवटी लागणार आहे.

मग चौधरींनी केलं काय. एकट्याने काही केलं नाही, हेच त्यांचं शहाणपण. मुंबईहून आयसीएस डी. एस. बखले आले, चीफ सिव्हिल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून, आणि रोजचा गाडा त्यांनी ओढला. कौन्सिलात नवाब झैन यार जंग यांच्यासारखा हैदराबादी माणूसही ठेवला, म्हणजे जुन्या घराला अगदीच उपरं वाटू नये. जिल्ह्याजिल्ह्यात मुंबई, मद्रास, मध्य प्रांतातून अधिकारी आणून बसवले. यातून पुढं मुल्की-गैरमुल्कीचा वाद पेटला, बाहेरच्यांनी आमच्या नोकऱ्या खाल्ल्या म्हणून १९५२ ला हैदराबादेत आंदोलन झालं, ते वेगळं पुराण. पण जनरलने कलेक्टरचं काम मेजर-कर्नलांकडून करून घेतलं नाही, कलेक्टरचं काम कलेक्टरकडंच दिलं. मलायात शिकलेलं इथं कामाला आलं असं मला वाटतं. फौजी माणसाला आपल्या माणसांवर भरवसा असतो, मोह होतो की सगळीकडं आपलेच बसवावे, आणि मग तहसील कचेरीची फौजी मेस होऊन जाते.

मोठी कामं दोन. एक, सर्फ-ए-खास, म्हणजे निजामाची खाजगी दौलत असलेला मुलूख, तो सरकारी दिवाणी मुलखात विलीन केला. निजामाला त्याबदल्यात सालाना रक्कम आणि वर ५० लाखांचा तनखा. (पन्नास लाख हाली बरं का, कलदार केले की ४२ लाख ८५ हजार ७१४ भरतात, सहा-सातचा हिशोब तोच.) दुसरं, जागिरी. संस्थानातला साधारण तिसरा हिस्सा जागिरदार आणि पायगावाल्यांकडं, म्हणजे निजामाच्या बड्या सरदार घराण्यांकडं, होता, त्यांचा वसूल वेगळा, काहींची पोलीस आणि न्यायदान सुद्धा वेगळं. एकाच तालुक्यात दिवाणी गावाला एक नियम आणि शेजारच्या जागिरी गावाला दुसरा. तो प्रकार त्या एका रेग्युलेशनने बंद झाला, जागिरी जागीर ॲडमिनिस्ट्रेटरच्या ताब्यात, वसूल सरकारजमा. मोबदल्याचं रेग्युलेशन जानेवारी १९५० ला आलं, तोवर चौधरी गेले होते. कुळांच्या हक्कासाठी समिती त्यांच्या काळात बसली, तिच्यातून पुढं १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट कायदा आला, ज्याच्या ३८-ई कलमाखालची, कुळाला जमिनीचा मालक करायची प्रकरणं मी रिटायर होईपर्यंत बघितली. एका माणसाचे पंधरा महिने आणि माझी चौतीस वर्षं, असा सौदा.

आता जे भाषणात येत नाही ते. पोलीस ॲक्शनच्या आधी रझाकारांनी गावंच्या गावं छळली, माणसं मारली, बार्शी-सोलापूर-उमरखेडच्या बाजूला लोक देशोधडीला लागले होते, हे आपल्या घराघरात सांगितलं जातं आणि ते खरंच आहे. पण रझाकार गेल्यावर जे उलटं झालं तेही झालं. पंडित सुंदरलाल यांची समिती दिल्लीने पाठवली, नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये ती फिरली, आणि तिने मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला, सर्वात वाईट जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. मेले ते बहुतेक साधे मुसलमान, शेतकरी, विणकर, हातावर पोट असलेले. काही ठिकाणी फौजेतल्या आणि पोलिसांतल्या लोकांनीही हात धुऊन घेतले असं त्यात आहे, आणि फौजेनंच वाचवल्याचे दाखलेही आहेत. अहवाल कित्येक वर्षं दाबून ठेवला, लोकांना वाचायला मिळाला तो अगदी अलीकडं. उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यात होतं, तुझ्या गावात पंच्याऐंशी-नव्वदच्या वरचं कुणी असंल तर बसून विचार, बोलतील किंवा उठून जातील.

यात चौधरींचा दोष किती, यावर लोक भांडतात. माझं मत विचारशील तर, रणगाडे हमरस्त्याने राजधानीकडं गेले आणि मागं राहिलेल्या गावांत काही आठवडे कुणाचंच राज्य नव्हतं. तालुकदार पळालेला, पोलीस पाटील घाबरलेला, मुंबईचा अधिकारी अजून गाडीत. राजधानी घेण्याचा प्लॅन कागदावर उत्तम होता, औसा-भूम-परांड्यात दुसऱ्या दिवशी कोण बसणार हा कागद मात्र कच्चा होता. ज्याच्या नावाने कारभार चालतो त्याला हे आपलं नाही असं म्हणता येत नाही. त्याच वेळी तेलंगणात कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा चालू होता, बरीचशी फौज तिकडं गुंतली, आणि तिथंही दडपशाहीचे आरोप झालेच, तो लढा तर चौधरी गेल्यावरही १९५१ पर्यंत चालला. म्हणून मी त्यांना देव्हाऱ्यात बसवत नाही आणि शिव्याही घालत नाही.

त्यांचं मला सगळ्यात आवडलेलं काम म्हणजे ते वेळेवर उठले. १९४९ संपता संपता खुर्ची एम. के. वेल्लोडी या मुलकी अधिकाऱ्याला दिली आणि परत फौजेत. २६ जानेवारी १९५० ला निजाम राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखा नावाचा प्रमुख, वेल्लोडी मुख्यमंत्री, आणि १९५२ च्या निवडणुकीनंतर बुर्गुल रामकृष्ण राव. शेजारच्या देशांतल्या जनरलांची नावं आठव, खुर्चीत बसले की उठायला दहा-दहा वर्षं लागली. इथं पंधरा महिने.

आणि करिअरचं नुकसान झालं का? अजिबात नाही. १९५२ ला ॲडज्युटंट जनरल, १९५३ ला चीफ ऑफ जनरल स्टाफ, मग एका कोअरची कमान, १९५९ ला पुण्याला सदर्न कमांड. तिथून १९६१ ला गोवा. बघ योगायोग कसा, गोव्यात डिव्हिजन घेऊन शिरलेले मेजर जनरल के. पी. कँडेथ यांना तिथं मिलिटरी गव्हर्नर केलं, १९ डिसेंबर १९६१ पासून जून १९६२ पर्यंत, आणि त्यांचे वरिष्ठ होते हैदराबादेत हेच करून आलेले चौधरी. तिथंही सहा महिन्यांत मुलकी माणूस आला. नोव्हेंबर १९६२ ला चीनकडून मार खाल्ल्यावर लष्करप्रमुख थापर गेले आणि चौधरी लष्करप्रमुख झाले, १९६५ ची लढाई त्यांच्या काळात. १९६६ ला निवृत्त, पद्मविभूषण, मग कॅनडात हाय कमिशनर. १९८३ ला गेले.

आता तुझ्या कामाचं. मिलिटरी गव्हर्नर हे पद आपल्या घटनेत नाहीच, तेव्हा सैन्यात असताना तू तसा होणार नाहीस, आणि तशी वेळ देशावर येऊ पण नये. राज्यपाल होता येतं, पण ते निवृत्तीनंतर. घटनेत अट दोनच, भारताचा नागरिक आणि वय ३५ पूर्ण, बाकी राष्ट्रपतींची, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकारची मर्जी. लष्करप्रमुख श्रीनागेश निवृत्तीनंतर आसाम, आंध्र, म्हैसूर असे तीन ठिकाणी राज्यपाल होते. जनरल कृष्णराव, जनरल जे. जे. सिंग, लेफ्टनंट जनरल सिन्हा, १९७१ च्या बांगलादेश युद्धातले जेकब, आणि २०२३ ला अरुणाचलात नेमलेले आपले मराठी लेफ्टनंट जनरल परनाईक. बहुतेक नावं सरहद्दीच्या राज्यांत दिसतील, त्यांना तो मुलूख पायाखालचा असतो म्हणून. पण चौधरींशी त्यांची तुलना करू नको. आजचा राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो, चौधरींच्या वर मंत्रिमंडळच नव्हतं. आणि परीक्षा, प्रमोशन बोर्ड, असलं काही या पदाला नसतं, म्हणून त्याच्यासाठी फौजेत जायचं असेल तर आत्ताच सांगतो, जाऊ नको. मुलाखतीत तर हे वाक्य चुकूनही बोलू नको. राज्यकारभाराचीच ओढ असेल तर एमपीएससी दे, तहसीलदाराला तिशीच्या आत जेवढा मुलूख हातात मिळतो तेवढा मेजरला मिळत नाही, वर शिव्या फुकट.

राहिली सनद. जागिरीची सनद म्हणजे जमिनीची मालकी नव्हती, त्या गावाचा वसूल घ्यायचा हक्क होता. जमीन कसणारा रयत वेगळा, त्याचा पट्टा वेगळा. तो वसुलीचा हक्क चौधरींच्या त्या ६९ नंबरच्या कागदाने १५ ऑगस्ट १९४९ ला संपला, मोबदला काय मिळायचा तो तेव्हाच्या वारसांना मिळाला किंवा बुडाला. त्या सनदेवर आज कुणी तुला जमीन काढून देतो म्हणत असंल आणि आधी वीस-पंचवीस हजार मागत असंल तर त्याला चहा पाजून वाटेला लाव. असल्या नादात दोन घरं विकलेली बघितलीत मी. फक्त एक तपास. तुमची स्वतः कसत असलेली, खुदकाश्त जमीन होती का, किंवा कागद जागिरीचा नसून इनामाचा, मदद माश-खिदमत माशचा, म्हणजे उदरनिर्वाहासाठी किंवा सेवेच्या बदल्यात दिलेल्या जमिनीचा आहे का, हे बघायला लागतं, कारण इनामाचं गणित वेगळ्या कायद्याने सुटलं, १९५४ च्या. त्यासाठी तहसीलला अर्ज करून तुमच्या गावाची १९५४ सालची खासरा पाहणी आणि सेतवार, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर होती आणि कोण कसत होतं याच्या जुन्या नोंदी, यांची नक्कल काढ. सनद उर्दू-फारसीत असणार, वाचून घ्यायला जुना माणूस गाठ, आणि त्याने साल सांगितलं की पहिल्यांदा विचार, चाचा, फसली का हिजरी. लॅमिनेशन मात्र करू नको, जुना कागद त्या गरमीत करपतो, माझ्या डोळ्यांदेखत एक करपलाय.